घड्याळ कुणाच्या हातात होतं, अप्पा?

अप्पा, गेला महिनाभर सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतायत. जळकोटचे, नळदुर्गचे, तुळजापुरातली तुमची जुनी तेलाची गिऱ्हाइकं, सगळेच. मी मान डोलावते, चहा पुढं करते आणि मनातल्या मनात तुमच्यावर चिडते. गेलेल्या माणसावर चिडायची सोय नसते. चारचौघांत तर मुळीच नसते. म्हणून शेवटी लिहायला बसले. तुमचं माझं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही नेहमीसारखे मधूनच उठून गेलात.

ती तुमची जुनी खोड. वाद रंगात आला आणि हरायची चिन्हं दिसली की "घाणा बघून येतो" म्हणून तुम्ही उठायचात. मी लहानपणी खरंच वाट बघत बसायचे. अव्वा आतून सांगायची, जेवून घे, ते काही आता येत नाहीत. तुम्ही यायचात ते थेट संध्याकाळी, अंगाला करडईच्या तेलाचा वास घेऊन, आणि कशावरून वाजलं होतं ते साफ विसरून. की विसरल्यासारखं दाखवून? हेही विचारायचं राहिलं.

ह्या वेळचं भांडण घड्याळाचं आहे. तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी चार दिवस नळ्या लावून ठेवून मग हृदयावर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत ते घड्याळ घेऊन जळकोटला आले. धाराशिवच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळं तुम्हालाही वर्गासारखंच शिकवलं. हे कातडीतून उजेड सोडतं, रक्ताची ये-जा बघतं, ठोके मोजतं. पण नुसतं मोजत नाही, शिकतं. महिनाभर तुमचं झोपणं, चालणं, बसणं बघून तुमचं नेहमीचं काय ते ठरवतं आणि मग काही वेगळं झालं की बोंब मारतं. तुमच्या हातावर आणि धाराशिवला माझ्या फोनवरसुद्धा. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत.

"म्हंजे महिन्याभरात हे मला वळखायला लागणार?"

मी हो म्हटलं.

"तुझ्या अव्वाला पंचेचाळीस वर्सं लागली. तरी अजून पुरतं न्हाय वळखलेलं."

अव्वा चुलीपाशी होती. तिनं कानडीत काहीतरी पुटपुटलं, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. पण घड्याळ हातात घातलंत. डाव्या मनगटावर. आणि आरशासमोर जाऊन हात वर करून बघितलंत. मी बघत होते, अप्पा. तुम्हाला ते आवडलं होतं.

घोळ झाला तो तुमच्या पूजेनं. रोज सकाळी आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून तुम्ही डाव्या तळहातावर घ्यायचात आणि त्याच्याकडं बघत बसायचात. त्या हाताला दुसरं काही चालत नव्हतं. घड्याळ उतरायचं आणि घाण्यातल्या कोनाड्यात जायचं. पूजा झाल्यावर ते परत हातात यायला पाहिजे होतं. पण तोवर सिद्राम कामावर आलेला असायचा. तो हमाल माणूस, पन्नाशीचा, पोती उतरवायच्या आधी त्याला ते घालून बघायचं असायचं. आणि तुम्ही "घाल की" म्हणायचात.

सिद्रामपासून सुरू झालं आणि सगळ्या आळीत पसरलं. तेल घ्यायला आलेल्या बायका हात पुढं करायच्या. सायकलवरून आलेला माणूस पुढच्या दुकानात पंक्चर काढायला जाण्याआधी ठोके बघून जायचा. शेजारचा म्हातारा रोज जेवणानंतर यायचा. तुम्ही तराजूशेजारी बसून प्रत्येकाच्या हातात ते बांधायचात, आकडा वाचायचात आणि गंभीर चेहऱ्यानं सल्ला द्यायचात. गावात जळकोटचा नवा डॉक्टर म्हणून तुमची चेष्टा चालली होती, असं अव्वानं मला फोनवर सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत.

मला काय माहीत? मी इकडं धाराशिवला वर्गात उभी. फोन थरथरायचा. हृदयाचे ठोके अचानक वाढले आहेत. फळ्यावर अर्धवट आकृती सोडून मी व्हरांड्यात धावायचे. पहिल्यांदा तर मी घाईत दोनदा भलताच नंबर लावला. तुम्ही फोन उचललात, मागं घाण्याची घरघर. "आगं, ते सिद्रामच्या हातात हाय. पोती उतरवतंय ते," असं हसत हसत सांगितलंत. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी फक्त ओरडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ओरडले.

तेव्हापासून एक रीतच पडून गेली. फोन वाजला की मी विचारायचे, कुणाच्या हातात आहे? आणि तुम्ही नाव सांगायचात. सिद्रामच्या. सायकलवाल्याच्या. एकदा तर बँड वाजवणाऱ्याच्या. कोणत्या जळकोटकराचं हृदय कसं चालतं हे मला धाराशिवला बसून कळत होतं. फक्त तुमचं कळत नव्हतं.

संक्रांतीला मी आले तेव्हा तुम्हाला समोर बसवून पुन्हा समजावलं. म्हटलं, अप्पा, ते यंत्र एका माणसाला शिकायला बसलंय. तुम्ही रोज त्याच्यापुढं नवा माणूस उभा करताय. त्यानं शिकायचं काय? सकाळी तुम्ही, दुपारी सिद्राम, संध्याकाळी कुणीतरी बाई. त्याच्या लेखी तुम्ही एक भलताच माणूस झालाय, सकाळी सत्तरीचा आणि दुपारी पन्नाशीचा. तुम्ही म्हणालात, बरंच की. मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, गळ्यातलं लिंग देता का कधी दुसऱ्याच्या हातात? ते तुमच्या एकट्याचं असतं ना? मग हेसुद्धा तसंच समजा.

तुमचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता घाणा बघायला उठणार. पण उठला नाहीत.

"त्याची नि ह्याची बरोबरी करू नको, नंदा. त्याच्याकडं म्या बघतो. हे माझ्याकडं बघतंय."

एवढं बोलून तुम्ही तिळगुळाची वाटी माझ्याकडं सरकवलीत. मी म्हणाले, बघतंय ते तुमच्या भल्यासाठीच बघतंय. शाळेत शिक्षकांनी वर्गावर ठेवलेल्या नजरेबद्दलही मी हेच वाक्य वापरते.

आणि कमळाबाईंचं काय करू? तुमच्या बाजूनं तेवढी एक साक्ष इतकी भक्कम आहे की माझं भांडण तिथंच लंगडं पडतं. पलीकडच्या गल्लीतल्या कमळाबाई तेल न्यायला आल्या, सवयीनं हात पुढं केला, आणि बसल्या जागी ठोके भलतेच दिसले. तुम्ही त्यांना पाणी दिलंत, पुन्हा बघितलंत, तिसऱ्यांदा बघितलंत. माझा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच हसला नाहीत. सगळे आकडे विचारून घेतलेत आणि त्यांच्या लेकाला दुकान बंद करायला लावून त्यांना नळदुर्गला दवाखान्यात धाडलंत. त्या आज गोळ्या घेतात आणि हिंडतात फिरतात. तुमच्या मातीला आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, तुझ्या बापानं मला जगवलं. मी काय बोलणार होते? दुसऱ्यांच्या हातात ते घड्याळ बांधू नका म्हणून मी तुमच्याशी महिनाभर अबोला धरला होता, हे सांगणार होते?

अबोला म्हणजे तरी काय, फोन रोज होताच. पण तो तुमच्याशी नव्हता, तुमच्या आकड्यांशी होता. हे मला आता दिसतं. आधी आपला फोन कसा सुरू व्हायचा? तुम्ही "ऊटा आत?" विचारायचात, जेवण झालं का, आणि मी काय खाल्लं ते सांगायचे. मग अर्धा तास कुठं जायचा कळायचं नाही. करडईचा भाव, अव्वाचे गुडघे, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला ओळख दिली नाही. घड्याळ आल्यावर मीच आधी सुरुवात करायला लागले. काल पाचच तास झोप का? पावलं एवढी कमी कशी? जेवणानंतर लगेच आडवे झालात का? आकडा चांगला दिसला की शाबास म्हणायचे आणि वाईट दिसला की बोलणी. वर्गातल्या पोरांना गृहपाठावरून विचारते अगदी तसं. आणि पोरं करतात तेच तुम्हीही करायला लागलात.

एके दिवशी तुमची पावलं नऊ हजारांच्या वर गेली. मी इतकी खूश झाले की स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी तुम्हाला फोन करून तोंड भरून कौतुक केलं. तुम्ही सगळं कौतुक मुकाट ऐकून घेतलंत. ती पावलं सिद्रामची होती, हे मला पुढं कळलं. तुम्हीच त्याला सकाळी सांगितलं होतं, आज दिवसभर तुझ्याकडंच राहू दे, पोरगी जरा निवांत होईल.

बोलणी खायची नसली की माणूस खोटं बोलतो. वीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला हे कळायला पाहिजे होतं.

त्या दिवशी दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोगशाळेत पोरं लिटमस बुडवून उभी होती आणि बाहेरचे परीक्षक माझ्या शेजारी. अकरा वाजून गेले होते. फोन थरथरला. हृदयाची लय नेहमीपेक्षा वेगळी आहे. ठोके वाढले असं नव्हतं म्हटलेलं, लय म्हटलं होतं. तो शब्द त्यानं पहिल्यांदाच वापरला होता आणि मला ते जाणवलं, अप्पा. खरं सांगते, जाणवलं. मी परीक्षकांची परवानगी घेऊन दाराबाहेर आले आणि फोन लावला. तुम्ही लगेच उचललात.

"कुणाच्या हातात आहे?"

मागं घाण्याचा आवाज नव्हता. हेही मला तेव्हा ऐकू आलं आणि तरी ऐकू आलं नाही.

"सिद्रामच्या," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, काढून घ्या त्याच्याकडून, आणि परत असं केलंत तर घड्याळच घेऊन जाईन. तुम्ही म्हणालात, घेतो काढून, तू तुझी परीक्षा बघ. मग विचारलंत, ऊटा आत? मी म्हणाले, आत्ता कुठलं जेवण, अप्पा, परीक्षा चाललीय इथं. आणि फोन ठेवला.

एक वाजून गेल्यावर अव्वाचा फोन आला. तुम्ही पेंडीच्या पोत्याला टेकून बसला होतात. तिला वाटलं डोळा लागला.

मी पोचले तोवर गाव जमलं होतं. विधीसाठी मठाचे स्वामी आले होते. आपल्या रीतीनं मातीत बसलेलं ठेवायचं, म्हणून तुम्हाला बसवायची तयारी चालली होती, डाव्या हातात लिंग द्यायचं होतं. स्वामी म्हणाले, ते घड्याळ काढून घ्या. कुणाचा हात पुढं होईना, म्हणून मी काढलं. तुमच्या मनगटावर पट्ट्याखालचा भाग पांढरट पडला होता. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, अप्पा. घड्याळ तुमच्या मनगटावरून मी माझ्या हातानं काढत होते आणि मला एवढंच वाटलं की सिद्रामनं परत दिलेलं दिसतंय.

मग पाचव्या दिवशी सिद्राम ओसरीवर येऊन बसला. आत येईना. मी पाणी घेऊन गेले तर गुडघ्यात मान घालून रडत होता. एवढा दांडगा माणूस. मी म्हटलं, सिद्राममामा, तुम्ही काय करणार होता? तो म्हणाला, "ताई, म्या त्या दिशी कामालाच न्हवतो. भाचीचं लगीन जमलं, तिच्या कुंकवाला अणदूरला गेलतो. म्या असतो तर मालकाला उचलून गाडीत घातलं असतं."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्याला वाटलं, मी त्याला दोष देतेय. तो अजून तसंच समजत असेल. मी त्याला काही सांगितलं नाही. अव्वालाही नाही. कुणालाच नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय, आणि तुम्हाला तर माहीतच आहे.

तुम्ही खोटं का बोललात? मी रोज नवं उत्तर काढते. पोरीची परीक्षा मोडायला नको म्हणून. सोलापूरच्या दवाखान्यातल्या त्या नळ्या परत नकोत म्हणून. नेहमीसारखं थोडं दुखून थांबेल असं वाटलं म्हणून. आणि रात्री पडल्यावर शेवटचं एक उत्तर येतं, ते मला सगळ्यात खरं वाटतं. "माझ्या हातात आहे" म्हटलं असतं तर मी आधी ओरडले असते. गोळी घेतली का, जास्त तेलकट खाल्लं का, सांगितलेलं ऐकत का नाही. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला लेकीची बोलणी नको झाली. तुम्ही नाव सांगून सुटका करून घेतलीत.

एकदा मी त्या घड्याळाची सगळी नोंद उघडून बसले. दिवाळीपासूनची. त्यात तुमचं असं काही शोधायला गेले आणि हाती लागलं सगळं गाव. दुपारच्या वेळी उंच उंच जाणारे ठोके सिद्रामचे. संध्याकाळचे संथ शेजारच्या म्हाताऱ्याचे असणार. पण सकाळी पूजेआधी एक पट्टा आहे, रोज पाचाच्या सुमारास, एकसारखा. तो तुमचाच. तेवढ्या वेळात कुणी येत नसे. मी त्या रेषेवरून बोट फिरवत बसते. माणसाचा आवाज ऐकायचा राहिला की असली कामं सुचतात. आवाज तर कुठंच नाही, अप्पा. तुमचे ठोके माझ्याकडं चार महिन्यांचे आहेत आणि तुमचा आवाज अर्ध्या मिनिटाचा, तोही कुणाच्या तरी लग्नातला, मागं वाजंत्री चालू असताना.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. त्या यंत्राला तुम्ही एवढं फसवलंत, गावभर फिरवलंत, तरी त्या दिवशी त्याचं चुकलं नाही. त्याला तुम्ही कळला होतात. मी मात्र तुमची लेक असून तुमच्या तोंडून आलेल्या नावावर विश्वास ठेवला.

घड्याळ आता अव्वाच्या हातात आहे. मी दिलं नाही, तिनंच मागितलं. दे इकडं, म्हणाली, त्यांच्या हातातलं हाय. मी तिला काही शिकवलं नाही. झोप किती, पावलं किती, काही विचारत नाही. फोन करते आणि जेवलीस का विचारते. मग ती करडईच्या भावापासून सुरू करते. तुमच्याकडून शिकली असावी.

गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत फोन थरथरला. ठोके वाढलेत. माझा अंगठा नंबरावर गेला आणि मी तो काढून घेतला. फोनवर माणूस काहीही सांगतो. मी मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून दिल्या, पर्स उचलली आणि बसस्टँडवर आले. उमरग्याची गाडी लागलेली होती. तुळजापूरला भरपूर लोक चढले, ओट्या, नारळ, लहान पोरं. त्यातले बरेच नळदुर्गला उतरले. दोन तास मी खिडकीबाहेर बघत होते आणि देवाला काही मागत नव्हते, फक्त जात होते.

अव्वा गच्चीवर होती. मिरच्या वाळत घालायला टोपली घेऊन एकटीच वर चढली होती, धाप लागली, म्हणून पायरीवर बसून राहिली, पाणी प्यायली, परत कामाला लागली. मला बघून ती दचकली.

"काय गं, शाळा सोडून आलीस? एवढ्यासाठी?"

"व्हय, एवढ्यासाठी."

आम्ही दोघींनी मिळून मिरच्या पसरल्या, मग खाली येऊन जेवलो. भाकरी, पेंडपाला, करडईच्या तेलातली चटणी. तिनं मला तीन वेळा वाढलं. परतीच्या गाडीला बसवायला हायवेपर्यंत आली.

धाराशिवला उतरल्यावर स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारलं, अप्पा. साडेअकराच्या सुमाराला उमरग्याची एक गाडी रोजच असते. त्या दिवशीही होती. तुम्ही "माझ्या" म्हणाला असतात तर मी ती धरली असती. मी पोचले नसते, हे मला कळतं, मी हिशेब करून बघितलाय. जास्तीत जास्त नळदुर्ग ओलांडलं असतं. पण तुम्ही त्या पोत्याला टेकलात, तेव्हा मी तुमच्याकडं यायला निघालेली असते.